चुलीमागचा सपाट दगड

लुकेरिया: चोर परवडले. चोराला निदान ठाऊक असतं की इथं घर आहे, म्हणून तर तो शिरतो. ह्या राखीव रानाच्या साहेबांनी घर नव्हतंच म्हणून पाटी ठोकली आणि अख्खी दरी गिळली. वाचा, ऑर्व्हिल, मोठ्यानं वाचा. विमान गेलंय. आता ऐकायला अस्वलाशिवाय कोणी नाही.

येफिम: नाव घेऊ नकोस त्याचं. 'आजोबा' म्हण. पानगळीत त्यांचे कान तिखट असतात.

ऑर्व्हिल: "ह्या दरीत मनुष्याने कधीही वस्ती केलेली नाही. निसर्ग जसा होता तसाच राखलेला आहे." चांगलं लिहिलंय की. हेच वाचून तर मी अलास्कात आलो.

लुकेरिया: आणि हे वाक्य वाटाड्यानं प्रत्येक पाहुण्याला उतरल्या उतरल्या ऐकवायचं, हा त्यांचा नियम. मी डेनाइना, इथल्या मूळ लोकांतली. हा माझा सख्खा मामा, तुमच्यासमोर बूट चढवत बसलाय तो, ह्याच दरीत, वरच्या तळ्यावर जन्मला. आणि मी तुम्हाला सांगू, इथं कोणी राहिलंच नाही?

येफिम: जन्मलो म्हणतात. मला आठवत नाही. लहान होतो मी.

ऑर्व्हिल: म्हणजे तुम्ही मला ते वाक्य ऐकवणार नाही.

लुकेरिया: तुम्हीच वाचलंत. माझं तोंड विटाळलं नाही.

ऑर्व्हिल: नियम मोडल्यावर काय करतात?

लुकेरिया: ताकीद देऊन झालीय. आता एक तक्रार, एक चूक, की वाटाड्याचा परवाना रद्द. परवाना गेला की ह्या दरीत मी तुमच्यासारखीच. अर्ज करायचा, रांगेत थांबायचं, चार रात्रींची परवानगी मिळवायची. आजीच्या अंगणात पाहुणी.

ऑर्व्हिल: मग पुरावा द्या ना त्यांना. भांडण मिटेल.

लुकेरिया: ऐकलंस, मामा? पुरावा द्या म्हणतात! अहो, वर एका ओळीत खळगे आहेत. घरं होती ती आमची, अर्धी जमिनीत, वर मातीचं छप्पर. छप्पर बसलं, खळगा राहिला. ते म्हणाले, बर्फानं जमीन खचलीय. मी फोटो नेले. म्हणाले, खड्ड्याचा फोटो कुठलाही असतो. म्हाताऱ्यांच्या आठवणी नेल्या. म्हणाले, गोष्टी नकोत, वस्तू आणा. हातात धरता येईल अशी. किती वर्षं शोधतेय मी.

येफिम: शोधते म्हणजे काठावर उभी राहून बघते. आत कोणाला पाय ठेवू देत नाही. स्वतःही ठेवत नाही.

लुकेरिया: तुडवायचं का मग आजीचं घर? ह्यांचे पाहुणे त्यात तंबू ठोकतात, वारा लागत नाही म्हणून. मी नाही ठोकू देत. मी काठावर, वाऱ्यात ठोकते. परवा एका पाहुण्यानं तक्रार केली, रात्रभर तंबू फडफडला म्हणून. करू दे.

ऑर्व्हिल: मी तक्रार करणार नाही. पण एक खरं सांगू? वाईट वाटून घेऊ नका. मला ती पाटी खरी असायला हवीय. माझी बायको इनेझ गेल्यापासून घरात माणसंच माणसं. डबे घेऊन येतात, बसतात, माझ्याकडे बघतात. मला अशी एक जागा हवी होती जिथं आजवर कोणी रडलेलं नाही.

येफिम: मग चुकलास, पाहुण्या. मी तिथं भरपूर रडलोय. दात येत होते.

ऑर्व्हिल: तुमचा मामा नेहमी असाच असतो?

लुकेरिया: आज जरा सभ्य आहे. उचला पिशवी. गॅसची बाटली आणि आग पेटवायचं सगळं तुमच्याकडे दिलंय, जपा. वरच्या तळ्यावर लाकडाची आग लावायची नाही. आणि जुन्या बांधकामाच्या जागी तर मुळीच नाही, परवाना जाऊन वर खटला.

येफिम: जुनं बांधकाम तिथं नाहीच ना? पाटी म्हणते.

लुकेरिया: मामा, चाल तू.

* * *

लुकेरिया: कमरेचा पट्टा सोडा, ऑर्व्हिल! पाण्यात शिरायच्या आधी. पडलात तर पिशवी टाकता आली पाहिजे.

ऑर्व्हिल: सोडलाय. तुम्ही माझ्या मुलीपेक्षा धाकट्या आहात आणि आईपेक्षा जास्त ओरडता.

लुकेरिया: आल्यापासून पाऊस थांबला नाही. ओढा काल असा नव्हता. मामा, तू आधी गेलास ना? तिथंच थांब, काठी पुढं कर.

येफिम: करतोय. पाहुण्या, पाण्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी देखणा नाही, पण स्थिर आहे.

ऑर्व्हिल: इथं दगड हलतोय. लुकेरिया, दगड...

लुकेरिया: पिशवी टाका! टाका म्हणते ना! सोडा तिला! हात द्या इकडे. मामा, ओढ!

येफिम: धरलाय. दंड धरलाय मी त्याचा. ढकल मागून.

लुकेरिया: गुडघ्यावर या. बास, काठ आला. श्वास घ्या. हळू. खोका.

ऑर्व्हिल: पिशवी... पिशवी गेली.

येफिम: तू पिशवीत नव्हतास ना? मग गेली तर गेली.

लुकेरिया: गॅस गेला, मामा. आग पेटवायच्या मेणाच्या कांड्या गेल्या. ह्यांची झोपायची पिशवी, कोरडे कपडे, सगळं.

येफिम: आगपेटी माझ्या टोपीत आहे. किटली माझ्याकडे आहे. चला, उठा. बसला तो गोठला.

* * *

लुकेरिया: माझ्या झोपायच्या पिशवीत घातलंय त्यांना, माझा स्वेटर घातलाय, तंबू वरून टाकलाय. आणि वारा सगळं उडवून नेतोय. दोरच बसत नाहीत. मामा? मामा, कुठं गेलास?

येफिम: खाली, खळग्यात. घे त्याला इकडे. इथं वारा नाही.

लुकेरिया: बाहेर ये! घर आहे ते!

येफिम: घर आहे म्हणून तर आत आलो. तू बाहेर कशाला उभी आहेस?

लुकेरिया: मामा, हात जोडते, ही थट्टेची वेळ नाही.

येफिम: मी थट्टा करत नाही. आईनं हे घर कशासाठी खणलं होतं? नातीनं काठावर उभं राहून उसासे टाकावेत म्हणून? झोपायला खणलं. गारठलेला माणूस आत आणायला खणलं. पाय पकड त्याचे. मी खांद्याला धरतो.

लुकेरिया: सावकाश. डोकं सांभाळ. हं. ठेव. ऑर्व्हिल, ऐकू येतंय? मी कोण?

ऑर्व्हिल: लुकेरिया. ओरडणारी. आता बरं वाटतंय. थंडी गेली.

लुकेरिया: थंडी कशी गेली? मघाशी दात वाजत होते. मामा, ह्यांची थरथर थांबलीय.

येफिम: बघतोय मी. खालून निरोप आला का तुझ्या त्या उपग्रहाच्या यंत्रावर?

लुकेरिया: आला. ढग तळ्यावर टेकलेत, उठल्याशिवाय विमान सुटणार नाही. उद्या सकाळ. मामा, उद्या सकाळपर्यंत हे...

येफिम: आग पाहिजे.

लुकेरिया: कशाची आग? वाळुंजाची झुडपं आहेत, तीही पाण्यानं निथळतायत. काड्या ओढून ओढून आगपेटी संपेल, धूरही नाही निघणार. खाली स्प्रूसची झाडं आहेत, भूर्ज आहे. इथं काही उगवत नाही. कुठून आणू?

येफिम: दारातून आत आलं की उजव्या हाताला चूल. चुलीच्या मागं सपाट दगड. चूल इथं होती, बघ, माती काळी आहे अजून. मग दगड... हं. शेवाळ काढ. काढ की, चावत नाही.

लुकेरिया: इथं काय आहे?

येफिम: मला काय ठाऊक? बघू दे आहे का. घर सोडून निघताना पुढच्या माणसासाठी आग पेटवायला झाडाची कोरडी साल ठेवायची. पुढचा कोण ते विचारायचं नाही. आपला असो, वैरी असो. दार उघडं, साल दगडाखाली. आम्ही शेवटचे निघालो तेव्हा आई मागं वळून परत आत गेली होती. बाप ओरडत होता, होडी भरलीय म्हणून. तेवढं मला आठवतं. बाप कसा ओरडला ते. उचल दगड. त्या बाजूनं. एक, दोन...

लुकेरिया: मामा.

येफिम: हं.

लुकेरिया: मामा, ही जुडी आहे. भूर्जाच्या सालीची जुडी. अगदी कोरडी. आणि हे... हे स्प्रूसच्या मुळीनं बांधलंय. गाठ बघ. गाठ मारलीय कोणीतरी.

येफिम: कोणीतरी काय? तुझ्या आजीनं.

लुकेरिया: भूर्ज इथं उगवत नाही. स्प्रूस इथं उगवत नाही. खालून इथवर माणसानंच आणलं पाहिजे. बर्फ गाठ मारत नाही! देवा, हीच. हीच ती वस्तू. हातात धरता येते. इतकी वर्षं मी काठावर उभी होते आणि ही इथं, दगडाखाली... आणि तुला ठाऊक होतं! तू मला एकदाही बोलला नाहीस!

येफिम: तू विचारलंस कुठं? तू विचारायचीस, मामा, पुरावा आहे का? मी म्हणायचो, पुरावा मला माहीत नाही. साल कुठं ठेवतात असं विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

लुकेरिया: मी ही फडक्यात बांधते. माझ्या अंगाशी ठेवते. उद्या विमानातून उतरले की सरळ त्यांच्या टेबलावर...

येफिम: दे इकडे.

लुकेरिया: काय?

येफिम: सोलायला लागेल. पातळ पापुद्रे काढले की ओलं वाळुंजही पेटवते. तेल असतं तिच्यात.

लुकेरिया: जाळणार? तू ही जाळणार? मामा, ही एकच आहे! ही गेली तर ती पाटी कायमची. मी मेले तरी राहील. माझी पोरं मोठी होतील आणि त्यांना उतरल्या उतरल्या कोणीतरी ते वाक्य ऐकवेल, आणि त्यांना ते खरं वाटेल!

येफिम: आई त्या कचेरीसाठी परत आत गेली नव्हती.

लुकेरिया: अर्धी जाळ. निम्मी ठेव मला. गाठ तरी ठेव.

येफिम: एवढीशी जुडी. जाळायला मी तोडून आणलेलं हे भिजलेलं वाळुंज आहे. अर्धी लावली आणि विझली तर उरलेली घेऊन काय करशील? ह्याच्या मुलीला दाखवशील?

लुकेरिया: त्यांनी माझ्या आजीला पुसून टाकलं! आणि तू म्हणतोस, तिची एवढी एक खूण राहिलीय, तीही आपल्याच हातानं...

येफिम: मी काढून घेणार नाही. तुझ्या हातात आहे. तुझीच आजी. तूच ठरव.

लुकेरिया: माझ्यावर टाकू नकोस हे.

येफिम: मग कोणावर टाकू? माझी बोटं बघ, गारठून वळत नाहीत. माझ्यानं गाठ सुटणार नाही.

ऑर्व्हिल: इनेझ... खिडकी लाव. पाऊस आत येतोय. चादर भिजेल तुझी.

लुकेरिया: ऑर्व्हिल? ऑर्व्हिल, मी लुकेरिया. डोळे उघडा.

ऑर्व्हिल: उठू नकोस. मीच लावतो.

लुकेरिया: नाही, उठायचं नाही! झोपून राहा. मामा, धर त्यांना, उठू देऊ नकोस. मी लावते हो खिडकी. मी लावते. आगपेटी दे. दे लवकर!

येफिम: टोपीत आहे, घे. पापुद्रा पातळ काढ. आणखी पातळ. हं.

लुकेरिया: गाठ सुटत नाहीये. इतकी घट्ट का बांधली म्हातारीनं?

येफिम: सोडणारा आपला आहे की नाही ते तिला माहीत नव्हतं. दातानं सोड.

लुकेरिया: सुटली. काडी... विझली. दुसरी. आडोसा कर. मामा, धरलंय! बघ, काळा धूर. बघ कशी तडतडतेय!

येफिम: बारीक काटक्या. आता मोठी. घाई करू नकोस. तिला खाऊ दे. अशी. किटलीत पाणी आहे, ठेव कडेला. रडतेस काय? धुरानं?

लुकेरिया: हो, धुरानं.

येफिम: मलाही लागलाय.

* * *

ऑर्व्हिल: हा चहा आहे की बुटाचं पाणी?

येफिम: जिवंत झाला. तक्रार करतोय.

ऑर्व्हिल: ऊन पडलंय बाहेर. डोंगर लाल दिसतोय सगळा. लुकेरिया, मी काल काय काय बोललो?

लुकेरिया: खिडकी लावायला सांगितलीत.

ऑर्व्हिल: लावलीत?

लुकेरिया: लावली.

ऑर्व्हिल: मामांनी सांगितलं मला. जुडीचं. मी काय बोलू? मी साक्ष देईन. कुठं सही करायची तिथं करेन.

लुकेरिया: तुम्ही शुद्धीत नव्हता. पहिला प्रश्न तोच विचारतील. तुम्ही नका सांगू काही. जाळली ती मी. माझ्या हातानं.

येफिम: यंत्र किणकिणलं तुझं.

लुकेरिया: खालच्या चौकीतून आहे. "वरच्या तळ्यावर धूर दिसला. विमान निघते आहे. आग मोकळ्या रानात पेटवली असल्यास जीव वाचवण्यासाठी म्हणून माफ करण्यात येईल. जुन्या बांधकामाच्या जागी पेटवली असल्यास परवाना रद्द व खटला. जागा कळवा."

ऑर्व्हिल: सुटलात! लिहा, मोकळं रान. नाहीतरी त्यांच्या लेखी हा नुसता खड्डाच आहे. ते खूश, परवाना तुमच्याकडे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा शोधा. दुसऱ्या घरात दुसरी जुडी असेल.

लुकेरिया: असेलही.

ऑर्व्हिल: मग? मामा, तुम्ही सांगा हिला.

येफिम: मी काय सांगू? परवाना तिचा. मला तर चहा करायला आणलंय.

लुकेरिया: काय गंमत आहे बघ, मामा. सगळा जन्म मी त्यांच्या दारात उभी राहून म्हणतेय, इथं घर होतं. ते म्हणतात, नव्हतं. आणि आज तेच विचारतायत, घरात आग लावलीस का? नाही म्हटलं तर माफी.

ऑर्व्हिल: आणि हो म्हटलं तर खटला! परवाना जाईल तुमचा.

लुकेरिया: जाऊ दे की. पण काढायचा तर त्यांना काहीतरी लिहावं लागेल ना? काय लिहितील? हिनं जुन्या घरात आग लावली. लिहू देत. त्यांच्या शाईनं, त्यांच्या शिक्क्यानं. माझा परवाना काढायचा असेल तर आधी माझ्या आजीचं घर लिहा. आणि घर नव्हतं म्हणत असाल तर मला हात लावू नका. दोन्ही नाही मिळणार तुम्हाला.

येफिम: हे बरं आहे. आईला आवडलं असतं. तीही असंच भांडायची, बाप होडीत बसेपर्यंत.

ऑर्व्हिल: तुम्ही दोघंही वेडे आहात. बरं, थांबा. निघायच्या आधी ते दगडाखालचं... आता तिथं काही नाही. पुढच्याला काय?

येफिम: आता कसं बोललास! काटक्या मी शेकायला ठेवल्यात पहाटेपासून. वाळुंजाच्या आहेत, साल नाही, पण कोरड्या आहेत. बांधायला काही आहे?

ऑर्व्हिल: बुटाची नाडी चालेल? नारिंगी आहे. इनेझनं घेतली होती, अंधारात दिसावी म्हणून.

येफिम: पुढचा हसेल. पण दिसेल त्याला. तूच बांध. घट्ट बांध, सोडणारा कोण आहे कोणाला माहीत.

ऑर्व्हिल: ते साहेबच असले तर?

येफिम: तेही गारठतात.

लुकेरिया: ऐका, लिहिलंय. वाचते. "आग मोकळ्या रानात पेटवलेली नाही. ओळीतल्या तिसऱ्या घरात, जुन्या चुलीत पेटवली. घर माझ्या आजीचं. पेटवायला साल तिनंच ठेवली होती. ती मी जाळली, पाहुणा वाचला. तुमच्यासाठी चुलीमागच्या सपाट दगडाखाली कोरड्या काटक्या ठेवल्या आहेत, नारिंगी नाडीनं बांधून. गारठलात तर वापरा. परवाना काढायचा तर काढा, पण कारण लिहून काढा. आता तुम्ही सांगा, घर होतं की नव्हतं?"

ऑर्व्हिल: पाठवलंत?

लुकेरिया: गेलं.

येफिम: खाली आणखी एक ओळ पाठव.

लुकेरिया: काय?

येफिम: लवकर सांगा म्हणावं. चहा निवतोय.